बिल्ट-इन फंक्शन्सचा संदर्भ (रेफरन्स) कसा लिहायचा: पहिल्यांदा हे काम अंगावर आलेल्यांसाठी

नव्या नोकरीत दोन महिने झाले की कोणीतरी सहज म्हणतं, ‘तुझ्याकडे सध्या फारसं काम नाही ना? मग त्या फंक्शन्सचं डॉक्युमेंटेशन तेवढं करून टाक.’ मलाही असंच सांगितलं गेलं. रिपोर्ट काढायच्या एका सॉफ्टवेअरची स्वतःची छोटी फॉर्म्युला-भाषा होती, तिच्यात चाळीसेक फंक्शन्स. मी प्रत्येकापुढे एक वाक्य लिहून दोन दिवसांत काम उरकलं. तारखांचं एक फंक्शन होतं, त्यापुढे लिहिलं: ‘दोन तारखांमधले दिवस देतं.’

१० जून ते १२ जून रजा घेतली तर ती तीन दिवसांची. फंक्शन मात्र २ देत होतं, कारण ते नुसती वजाबाकी करत होतं. माझं वाक्य खोटं नव्हतं, पण ज्या माणसाने ते वाचून रजेचा हिशेब मांडला त्याच्या उपयोगाचं नव्हतं. चूक तीन महिन्यांनी सापडली. या लेखातलं बरंचसं मी त्या एका वाक्यामुळे शिकलो.

सुरुवातीलाच एक गोष्ट नक्की करून घ्या. संदर्भ, म्हणजे प्रत्येक फंक्शन काय घेतं आणि काय देतं हे सांगणारी नोंदवही, हा धडा नसतो. धडा पहिल्या पानापासून वाचतात. संदर्भ हवा तिथे उघडतात, हवं ते बघतात आणि मिटतात. उघडणाऱ्याचं अर्धं लक्ष स्वतःच्या कोडकडे असतं. तेव्हा ‘प्रोग्रामिंगमध्ये अनेकदा आपल्याला संख्या पूर्णांकात बदलण्याची गरज भासते’ अशी प्रस्तावना इथे कोणी वाचत नाही. ती दुसरीकडे लिहा, किंवा लिहूच नका.

(खालची उदाहरणं मुख्यतः पायथन आणि पीएचपी या प्रोग्रामिंग भाषांची आहेत. नावं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. चालवून बघताना ते रोमन लिपीत टंका.)

१. यादी यंत्राकडून घ्या

आठवणीतून यादी केली की रोजच्या वापरातली वीस फंक्शन्स आठवतात आणि विचित्र वीस राहून जातात. लोक संदर्भ उघडतात ते नेमके त्या विचित्र विसांसाठी. पायथनमध्ये बिल्टिन्स मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यावर डिर चालवलं की सगळी नावं मिळतात. त्यात एररचीही नावं असतात, ती बाजूला काढायची. पीएचपीत गेट_डिफाइन्ड_फंक्शन्स हेच काम करतं. तुमच्या भाषेत अशी सोय नसेल, तर इंटरप्रिटरच्या कोडमध्ये फंक्शन्स नोंदवण्याची जागा कुठेतरी असतेच. ती शोधा.

नावं एका स्प्रेडशीटमध्ये उतरवा. रकाने मोजकेच: नाव, काय घेतं, काय देतं, कोणत्या व्हर्जनपासून आहे, आणि शंका आली तर कोणाला विचारायचं. शेवटचा रकाना उगाच वाटेल, पण अर्धं काम त्याच्यावरच होतं.

यादी करताना पहिला वाद उभा राहतो तो ‘हे फंक्शन आहे का?’ याचा. पायथनच्या बिल्ट-इन पानावर सत्तरेक नावं आहेत, आणि त्यातली इंट, लिस्ट, रेंज ही खरं तर टाइप (डेटाचे प्रकार) आहेत. तरी ती त्याच पानावर आहेत, कारण वापरणारा नावापुढे कंस उघडतो आणि त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपतो. रेंजच्या नोंदीत ‘हे खरं तर फंक्शन नाही’ असं एका ओळीत सांगून सविस्तर माहितीच्या पानाची लिंक दिली आहे. माझ्या मते हेच बरोबर. शास्त्रशुद्धतेपायी नोंद दुसऱ्या पानावर हलवली, तर शोधणाऱ्याला ती सापडणारच नाही.

२. वर्णक्रम की विषय? दोन्ही, पण वर्णन एकदाच

हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. अमरकोशात शब्द विषयवार आहेत: दिशांचे एका वर्गात, काळाचे दुसऱ्या, वनस्पतींचे तिसऱ्या. ज्याला अर्थ माहीत आहे आणि शब्द हवा आहे, त्याला ही मांडणी सोयीची. मोल्सवर्थच्या कोशात शब्द वर्णानुक्रमाने आहेत. शब्द समोर आलाय आणि अर्थ हवाय, अशाला ते बरं. फंक्शन शोधणारेही याच दोन जातींचे. एक जण दुसऱ्याच्या कोडमध्ये ‘डिव्हमॉड’ बघून येतो. दुसऱ्याला ‘बाकी आणि भागाकार एकदम हवेत’ एवढंच माहीत असतं.

पर्लच्या फंक्शन्सच्या पानाने हे साध्या पद्धतीने सोडवलंय. आधी विषयवार गट, त्यात फक्त नावं. त्याखाली सगळी फंक्शन्स वर्णानुक्रमे, वर्णनासकट. एका फंक्शनचं नाव दोन गटांत येऊ शकतं, वर्णन मात्र एकाच जागी राहतं. पायथनचं पान निव्वळ वर्णानुक्रमे आहे आणि सत्तर नावांना ते चालून जातं. पीएचपीत फंक्शन्स इतकी आहेत की स्ट्रिंग (मजकूर), अ‍ॅरे, तारीख अशी वेगळी प्रकरणं केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तुमची फंक्शन्स शंभराच्या आत असतील तर सगळी एका पानावर ठेवा. ब्राउझरमधलं ‘पानात शोधा’ हे तुम्ही बनवलेल्या कोणत्याही मेनूपेक्षा वेगाने चालतं.

गटांची नावं वापरणाऱ्याच्या गरजेवरून ठेवा. मी पहिल्यांदा गट पाडले ते सोर्स कोडच्या फाइलींवरून. लिहिणाऱ्याला ते सोपं पडतं. पण ‘कोअर युटिल्स’ नावाच्या गटात तारीख शोधायला कोण जाईल? आणि ‘इतर’ हा गट शक्यतो करू नका. अडगळीची खोली केली की सामान आपोआप तिकडे जमायला लागतं.

३. साचा ठरवा आणि मग मोडू नका

पीएचपीच्या मॅन्युअलला लोक नावं ठेवतात, पण तिथला साचा शिकण्यासारखा आहे. कुठलंही फंक्शन उघडा, क्रम तोच: वर्णन, पॅरामीटर (फंक्शनला द्यायच्या गोष्टी), परत मिळणारी व्हॅल्यू, लागू असेल तिथे एरर आणि व्हर्जननुसार बदल, मग उदाहरणं, टिपा आणि ‘हेही पाहा’. दहा फंक्शन्स बघून झाली की अकराव्यात नजर आपोआप योग्य जागी पडते. युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ची. तीही अशीच ठरलेल्या मथळ्यांची होती, आणि त्यात चक्क ‘बग’ असा एक मथळा होता. आपल्या वस्तूचे दोष तिच्याच पत्रिकेत छापायचे! ही सवय मला फार आवडते.

साच्यातली पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. फंक्शन काय *देतं* ते तिथे सांगा, आत काय करतं ते नको. ‘लिस्टमधून फिरून प्रत्येक घटक तपासतं’ यापेक्षा ‘लिस्टमधला सगळ्यात मोठा घटक परत देतं’ हे बरं.

क्रियापदं जपून निवडा. ‘परत देतं’ आणि ‘पडद्यावर छापतं’ ही दोन वेगळी कामं आहेत. नवशिक्यांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते, कारण पायथनच्या प्रॉम्प्टवर (आज्ञा टंकायच्या ओळीवर) फंक्शन चालवलं की परत आलेली व्हॅल्यू समोर उमटते आणि ती छापली गेली असंच वाटतं. तुम्ही कुठे ‘देतं’, कुठे ‘दाखवतं’, कुठे ‘काढतं’ लिहिलंत तर तो गोंधळ पक्का होईल. शाळेतल्या निबंधात तोच शब्द पुन्हा आला की बाई लाल खूण करायच्या. इथे तोच शब्द पुन्हा यायलाच हवा.

फंक्शनची सही, म्हणजे नाव आणि कंसातले पॅरामीटर, या ओळीत खुणा असतात. चौकोनी कंस म्हणजे ‘दिलं नाही तरी चालेल’. पायथनच्या काही सह्यांत मध्येच एक तिरपी रेघ दिसते; तिच्या डावीकडचे पॅरामीटर नाव घेऊन देता येत नाहीत, क्रमानेच द्यावे लागतात. ही सोय पायथन ३.८पासून आपण लिहिलेल्या फंक्शन्सनाही मिळाली. या खुणांचा अर्थ पानाच्या वरच्या बाजूला एकदा लिहून ठेवा. हे कोणीही विचारत नाही, कारण विचारायची लाज वाटते.

४. एक नोंद पूर्ण करून बघू: राऊंड

वरवर बघता याच्याइतकं सोपं फंक्शन नाही. पहिला मसुदा बहुतेक असा येतो: ‘राऊंड: दिलेली संख्या जवळच्या पूर्णांकात बदलतं.’ आता प्रॉम्प्ट उघडा आणि राऊंड(२.५) चालवा. उत्तर येतं २. राऊंड(३.५) मात्र ४.

शाळेत आपण ‘अर्धा किंवा जास्त असेल तर वर’ असं शिकलो. पायथन ३ बरोबर मध्यावर आलेली संख्या जवळच्या *सम* संख्येकडे नेतं, म्हणजे भरपूर आकडे असले की सगळी पूर्णांकनं एकाच दिशेने झुकत नाहीत. पायथन २ मध्ये हाच राऊंड(२.५) आपल्याला ३.० देत होता. त्यामुळे जुना कोड नव्या व्हर्जनवर आणणारा इथे हमखास अडखळतो.

पुढे चला. राऊंड(२.६७५, २) किती? सम-विषमच्या नियमाने २.६८ यायला हवं. येतं २.६७. इथे नियम चुकलेला नाही. २.६७५ ही संख्या बायनरीत नेमकी मावत नाही आणि २.६७४९९९९ अशी कणभर कमी साठवली जाते, म्हणून ती मध्यावर नसतेच. पायथनच्या अधिकृत पानावर या नोंदीत नेमकी हीच संख्या घेऊन टीप दिली आहे.

तर माझ्या हातून नोंद अशी लिहिली जाईल (‘नन’ म्हणजे पायथनचं ‘काहीच नाही’):

*राऊंड(संख्या, स्थळं=नन)*

*संख्या दशांश चिन्हानंतर दिलेल्या स्थळांपर्यंत पूर्णांकित करून परत देतं.*

*संख्या: पूर्णांक (इंट) किंवा दशांश संख्या (फ्लोट). स्थळं: पूर्णांक, ऋणही चालतो. दिला नाही तर जवळचा पूर्णांक मिळतो.*

*परत: स्थळं दिली नसतील तर इंट. दिली असतील तर जो टाइप दिला तोच.*

*बरोबर मध्यावरची संख्या सम बाजूला जाते: राऊंड(२.५) → २, राऊंड(३.५) → ४.*

*राऊंड(१२३४, -२) → १२००. राऊंड(७.०) → ७, पण राऊंड(७.०, ०) → ७.०.*

*सावधान: फ्लोट बायनरीत साठवले जातात, म्हणून राऊंड(२.६७५, २) → २.६७. बिलाच्या रकमांसाठी डेसिमल मॉड्यूल वापरा.*

*हेही पाहा: मॅथ.फ्लोर, मॅथ.सील, डेसिमल.*

एवढंच. सम संख्येकडे का जातं, त्याचा इतिहास काय, हे लिहायचा मोह मला दर वेळी होतो. त्यासाठी वेगळं पान करून लिंक द्यावी. ‘सावधान’ मात्र नोंदीतच हवं, कारण बिलाचा कोड लिहिणारा ती लिंक उघडणार नाही.

५. कडेला काय होतं ते विचारा

मधल्या साध्या वापरासाठी फंक्शनचं नाव बहुतेक पुरेसं असतं. कडेला काय होतं, याच्यासाठीच माणूस संदर्भ उघडतो. म्हणून प्रत्येक फंक्शनला काही ठरावीक प्रश्न विचारा आणि उत्तरं चालवून मिळवा: रिकामी लिस्ट दिली तर? शून्य, ऋण? भलताच टाइप? शेवटचा आकडा धरला की सोडला? मूळ वस्तू बदलते की नवी मिळते?

शेवटचा प्रश्न घ्या. पायथनमध्ये सॉर्टेड नवी लिस्ट परत देतं. लिस्टचं स्वतःचं सॉर्ट त्याच लिस्टची उलथापालथ करतं आणि परत देतं नन. ‘यादी = यादी.सॉर्ट()’ लिहून यादी गमावलेला माणूस प्रत्येक बॅचला एक तरी असतो. दोन्ही नोंदींत एकमेकींचा उल्लेख हवा.

पीएचपीचं स्ट्रपॉस एका स्ट्रिंगमध्ये दुसरी कुठे सुरू होते ते सांगतं. सापडली नाही तर फॉल्स. अगदी सुरुवातीलाच सापडली तर ०, आणि साध्या इफ-मध्ये ० हेही खोटंच धरलं जातं! मॅन्युअलमध्ये या नोंदीवर ठळक इशारा आहे. पीएचपी ८.० मध्ये स्ट्र_कंटेन्स आलं, ज्याचं उत्तर सरळ हो किंवा नाही. तरी जुना कोड पुष्कळ शिल्लक आहे, तो इशारा काढून चालणार नाही. तिथे आणखी एक काटा आहे: स्ट्रपॉसला आधी मोठी स्ट्रिंग द्यायची, मग शोधायचा तुकडा, इन_अ‍ॅरेला आधी शोधायची वस्तू, मग अ‍ॅरे. भाषेतली अशी विसंगती डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही, पण झाकूही नये.

आणि एक परीक्षा खास आपल्यासाठी: देवनागरी मजकूर देऊन बघा. ‘नमस्ते’ची लांबी किती? पायथनचं लेन ६ सांगतं, कारण ते युनिकोडचे कोड पॉइंट मोजतं: न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा. पीएचपीचं स्ट्रलेन १८ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये यातला प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइटांचा. तिथलं एमबी_स्ट्रलेन ६. आपण बोटांवर अक्षरं मोजली तर तीन. ‘स्ट्रिंगमधली अक्षरं मोजतं’ असं लिहिणाऱ्याने यातलं नेमकं काय सांगितलं? इंग्रजी मजकुरात हे आकडे बहुधा जुळतात, म्हणून लिहिणाऱ्याला शंकाही येत नाही. (उलट एक गंमत: पायथनच्या इंटला ‘२५’ ही देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग दिली तर तो ती बिनतक्रार वाचतो.)

६. उदाहरणं चालवूनच छापा

हाताने टंकलेलं उदाहरण आणि हाताने टंकलेलं उत्तर, यांच्यात कधी ना कधी फट पडतेच. पायथनमध्ये यासाठी डॉकटेस्ट आहे, तेही २.१ व्हर्जनपासून: उदाहरण प्रॉम्प्टवर दिसतं तसंच लिहायचं, ते चालवून उत्तर जुळतं का हे डॉकटेस्ट बघतं. आर भाषेत पॅकेज तपासताना मदतपानांतली उदाहरणं चालवली जातात. रस्ट आणि गो यांच्यातही उदाहरणं टेस्टबरोबर चालतात. तुमच्या भाषेत काहीच नसेल तर उदाहरणं एका फाइलीत ठेवून दर व्हर्जनला चालवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा.

एका उदाहरणात एकच मुद्दा. आणि त्यात ‘फू’, ‘बार’ अशी निरर्थक नावं नकोत. शहरांची नावं घ्या, भाज्यांचे भाव घ्या. डोळ्याला उत्तर पडताळता आलं पाहिजे.

७. जुनं पुसू नका

पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं. रॉ_इनपुटचं नाव इनपुट झालं, सीएमपी गेलं, रिड्यूस फंकटूल्स मॉड्यूलमध्ये हललं. तरी जुन्या नोट्सवरून शिकणारा आजही रॉ_इनपुट टंकतो आणि एरर बघून गोंधळतो. तो तुमच्या पानावर हेच जुनं नाव शोधणार. म्हणून गेलेल्या फंक्शनची नोंद ठेवा, अगदी दोन ओळींची: कधी गेलं, त्याऐवजी काय वापरायचं. पीएचपीचं ईच ७.२ मध्ये नापसंत ठरलं आणि ८.० मध्ये काढलं, तरी त्याचं पान तसा इशारा लावून जागेवर आहे.

फंक्शन तेच पण वागणं बदललं, तर ती नोंद जास्त गरजेची. पायथनच्या समची नोंद बघा: स्टार्ट हा पॅरामीटर नाव घेऊन देता येतो ३.८पासून, आणि फ्लोटची बेरीज जास्त अचूक झाली ३.१२पासून. दोन छोट्या ओळी, पण ‘माझ्या मशीनवर वेगळं उत्तर येतंय’ हा अर्धा दिवसाचा वाद त्या मिटवतात. ‘नुकतंच’, ‘आता’, ‘नवीन’ हे शब्द वापरू नका, व्हर्जन लिहा.

८. सापडण्याची सोय

प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता हवा आणि तो बदलता कामा नये, कारण लोक तो कोडमधल्या कॉमेंटमध्ये चिकटवतात. पीएचपीच्या साइटच्या पत्त्यापुढे नुसतं फंक्शनचं नाव टंकलं तरी पान उघडतं. एवढं जमलं तर उत्तमच.

शोधात फक्त खरी नावं ठेवून भागत नाही. दुसऱ्या भाषेतून आलेला माणूस ‘लेंग्थ’, ‘साइझ’, ‘काउंट’ शोधतो आणि त्याला हवं असतं लेन. असे पर्यायी शब्द नोंदीला जोडून ठेवा. शोधून काहीच न सापडलेल्या शब्दांची यादी मिळत असेल तर महिन्यातून एकदा बघा.

९. कोणाला तरी बसवून बघा

झालं असं वाटलं की भाषा न येणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला चहा पाजून समोर बसवा. त्याला पाच प्रश्न द्या, फंक्शनची नावं न घेता: ‘या नावांच्या यादीत सगळ्यात मोठं नाव कोणतं?’, ‘१० ते १२ जून किती दिवसांची रजा?’ असे. तुम्ही शेजारी गप्प बसायचं. हे फार अवघड जातं, तोंडाशी आलेलं उत्तर गिळावं लागतं. तो कुठे शोधतो, कुठला शब्द टंकतो, कुठून मागे फिरतो, तेवढं वहीत टिपायचं.

मी हे केलं तेव्हा माझी सहकारी रजेच्या प्रश्नावर तारखांच्या नोंदीशी आली, नोंद वाचली आणि म्हणाली, ‘यात शेवटचा दिवस धरलेला नाही, म्हणजे मला एक मिळवावा लागेल.’ तोवर मी त्या नोंदीत एक ओळ वाढवली होती: ‘शेवटची तारीख धरत नाही: १० जून ते १२ जून → २.’